गारगोटीच्या शंभर जागा

चार माणसं एकत्र येऊन काही चांगलं काम करायला लागली की कामाचं व्हायचं ते होतं, किस्से मात्र आपोआप साठत जातात. कामाचा अहवाल लिहायला माणूस शोधावा लागतो. किस्से सांगायला शोधावा लागत नाही, उलट सांगणाऱ्याला गप्प बसवायला शोधावा लागतो! आमच्या सायकल मंडळाचे माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की घरातली माणसं हल्ली माझ्यासमोर सायकल हा शब्दच काढत नाहीत. आज तुम्ही सापडलात.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या पेठेत एक सायकल मंडळ होतं. ऑफिस म्हणजे यासीनभाईंच्या सायकल दुकानासमोरचा कट्टा. यासीनभाई खजिनदार, मी चिटणीस. अध्यक्ष देसाई मास्तर. मास्तर हायस्कुलात गणित शिकवत, आणि जगातला प्रत्येक अन्याय हे कुणाचं तरी चुकलेलं गणित आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

दिवाळी झाली की एका रविवारी आम्ही कोल्हापूर ते गारगोटी अशी सायकल फेरी काढायचो. पहाटे निघायचं, दुपारी तिथं जेवायचं, संध्याकाळी परत. शर्यत नाही, बक्षीस नाही. फक्त पाठीवर बांधायला नंबर लिहिलेलं एक पांढरं फडकं, आणि तेही परत करायचं.

गारगोटीला मास्तरांचे साडू राहायचे. जेवण त्यांच्याकडे. त्यांच्या सोप्यात आणि अंगणात मिळून शंभर पानं बसायची. एकशे एकावं पान गोठ्यात मांडावं लागलं असतं, आणि गोठ्यात साडूंची म्हैस होती. म्हणून जागा शंभर.

अर्ज मात्र तीनशेच्या घरात यायचे. लोकांना सायकलिंगची आवडच तेवढी होती. साडूंच्या घरचा पांढरा रस्सा हा योगायोग.

या अर्जांत एक अर्ज दरवर्षी ठरलेला. हिंदुरावांचा. हिंदुराव म्हणजे आमच्या गल्लीचे दूधवाले. पंचगंगेपलीकडच्या गावातून रोज पहाटे सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून यायचे आणि घरोघरी रतीब घालून परत जायचे. ऊन असो, पाऊस असो, नदीला पाणी असो, हिंदुरावांची सुट्टी कुणी पाहिली नव्हती. त्यांना एकदा, फक्त एकदा, आमच्याबरोबर गारगोटीला यायचं होतं. दरवर्षी मास्तर जागावाटपाची नवी पद्धत काढायचे, आणि दरवर्षी त्या पद्धतीतून हिंदुराव नेमके राहायचे.

* * *

पहिल्या वर्षी नियम सोपा होता. आधी येईल त्याला जागा. नावनोंदणी रविवारी सकाळी सातला, कट्ट्यावर.

शनिवारी दुपारीच रांग लागली. माणसांची नव्हे, चपलांची! चपला रांगेत ठेवून माणसं घरी जेवायला गेली, ती झोपूनच आली. सकाळी बघतो तर आमचा बाबू पैलवान रांगेत भांडतोय. बाबूनं तालीम सोडली होती, आवाज सोडला नव्हता. त्याची एक चप्पल कुत्र्यानं पळवली होती.

मागचा म्हणाला, "एका चपलेवर जागा न्हाय मिळत!"

बाबू म्हणाला, "आरं चप्पल अर्धी हाय, पण मी अख्खा हाय की! हे बघ!"

मास्तरांनी बाबूला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अख्खा धरला.

हिंदुराव वेळेत आले होते. पण दारोदारी लोक भांडी घेऊन उभे. त्यांनी चपलांच्या रांगेत आपला एक रिकामा कॅन ठेवला आणि ते रतीब घालायला गेले. कोल्हापूरची माणसं प्रामाणिक! रांग पुढं सरकली तसा प्रत्येकानं तो कॅन पुढं सरकवला. कुणी मागं टाकला नाही. सरकत सरकत कॅन मास्तरांच्या टेबलापाशी पोचला.

मास्तर म्हणाले, "नाव?"

कॅन गप्प.

मास्तरांनी थोडा वेळ थांबून पुन्हा विचारलं, आणि मग पुढच्याला बोलावलं.

* * *

दुसऱ्या वर्षी मास्तर म्हणाले, "रांगेत उभं राहणं ही काही सायकलस्वाराची पात्रता नव्हे. परीक्षा घेऊ."

परीक्षा कसली, तर हळू सायकल चालवण्याची. मैदानावर दोन रेघा आखायच्या. पाय न टेकता जो सगळ्यात उशिरा पलीकडं पोचेल तो उत्तम सायकलस्वार. जोरात काय कुणीही चालवतो, तोल सांभाळतो तो खरा, हे मास्तरांचं म्हणणं आम्हाला पटलं. पटण्यासारखंच होतं ते.

हिंदुराव रतीब आटोपता आटोपता मैदानावर आले, कॅनसकट. शिट्टी वाजली. डोळ्याची पापणी लवायच्या आत गडी पलीकडच्या रेघेवर!

"हिंदुराव, अहो हळू जायचं होतं!"

"मास्तर, कॅनात दूध हाय. हळू गेलं तर नासतंय की!"

नापास.

बाकी शंभर जण पास झाले. म्हणजे मास्तरांनी तीनशेतून निवडून निवडून कोल्हापुरातले सगळ्यात हळू शंभर लोक गोळा केले. हे मास्तरांच्या लक्षात आलं, तेव्हा आम्ही कळंब्याच्या तळ्याशी होतो आणि ऊन डोक्यावर आलं होतं. पुढं जायला कुणी तयार नाही! कालच प्रत्येकाला सर्वांसमक्ष शाबासकी मिळालेली. ती कोण घालवणार?

डोक्यावर भारा घेतलेली एक म्हातारी मागून आली आणि आम्हाला ओलांडून पुढं गेली. जाता जाता थांबून तिनं हळहळत विचारलं, "कोण गेलं म्हणायचं, पावणं?"

गारगोटीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. साडू दारात उभे. म्हणाले, "मास्तर, रस्सा तीनदा गरम केलाय. आता त्यो पांढरा राहिला न्हाय."

* * *

मग चिठ्ठ्या. चिठ्ठीत वशिला नाही, बुद्धी नाही, नुसतं नशीब.

यासीनभाईंच्या घरून तांब्याची घागर आणली. आत सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. काढायच्या कुणी? लहान मुलानं काढल्या तर ते मूल कुणाचं यावरून भांडण. म्हणून डोळे बांधून बाबू पैलवानानं काढायच्या असं ठरलं, कारण बाबूवर संशय घ्यायची कुणाची छाती नव्हती.

बाबूनं पहिल्यांदाच हात घातला तो कोपरापर्यंत. आत मूठ आवळली. आणि हात बाहेर येईना!

यासीनभाई म्हणाले, "बाबू, मूठ सोड. हात सुटंल."

"मूठ सोडली तर निवडलेली चिठ्ठी पडंल की!"

"दुसरी काढ की मर्दा."

"आणि ह्या चिठ्ठीतल्या माणसाचं काय? त्याचं नशीब उघडलंय. मी परत खाली टाकू? वर काय तोंड दाखवू?"

प्रश्न रास्त होता. सभेत दोन तट पडले. मूठ सोडावी असं म्हणणारे निम्मे. बाकीच्यांना वाटत होतं, त्या मुठीत आपणच आहोत. बाबू मधोमध, घागर घालून. शेवटी यासीनभाईंनी चेनला घालायचं तेल घागरीच्या गळ्यात ओतलं. हात मुठीसकट सुटला.

मुठीत चार चिठ्ठ्या होत्या. तेलानं नावं पुसून गेली होती.

नव्या चिठ्ठ्या केल्या. हिंदुरावांची निघाली नाही. त्यांनी घागर उलटी करून आत पाहिलं, आपली चिठ्ठी होती याची खात्री करून घेतली, आणि म्हणाले, "हाय की. नुसती वर आली न्हाय."

* * *

एक वर्ष साठीच्या वरच्यांना दहा जागा राखून ठेवल्या होत्या. त्याचं फार सांगण्यासारखं नाही. बाबू पैलवानानं अर्जात स्वतःचं वय बासष्ट लिहिलं. त्याच्या वडलांनीही अर्ज केला होता. त्यांनी साठ लिहिलं.

मास्तर म्हणाले, "बाबूराव, तुम्ही वडलांपेक्षा दोन वर्षांनी मोठे कसे?"

बाबूनं डोकं खाजवलं. म्हणाला, "आमी एकमेकांला इचारून लिवायला पायजे हुतं."

* * *

त्याच्या पुढच्या वर्षी मुलाखती झाल्या. मास्तरांचं म्हणणं, गरज कुणाची मोठी ते पाहावं. गारगोटीला का यायचंय, एवढा एकच प्रश्न. दहापैकी गुण.

गावात बातमी फुटली की मोठा उद्देश सांगितला की मोठे गुण मिळतात. मग काय! एक जण म्हणाला, देशाचं पेट्रोल वाचवायचंय. त्याच्याकडे मोटार नव्हती. एक जण म्हणाला, तरुण पिढीसमोर आदर्श ठेवायचाय. त्याला मास्तरांनी आठ दिले. बाबू पैलवान आत येऊन बसला आणि म्हणाला, "रस्सा." मास्तरांनी त्याला प्रामाणिकपणाचे दहा दिले, आणि नंतर आलेले सगळे मग रस्साच म्हणायला लागले.

हिंदुराव आत आले, ते टोपी काढून स्टुलावर बसले.

मास्तर म्हणाले, "हिंदुराव, तुम्ही रोज सायकल चालवता. मग गारगोटीला कशाला?"

हिंदुराव म्हणाले, "मास्तर, रोज कामासाठी चालवतो. एकदा बिनकामाची चालवायची हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे न्यायचं काय न्हाय, आणायचं काय न्हाय. कुणी भांडं घेऊन दारात उभं न्हाय. नुसतं जायचं आणि नुसतं यायचं."

मी मास्तरांच्या शेजारी बसून गुण लिहीत होतो. मला ते उत्तर फार आवडलं. मास्तरांनी पेन्सिल कानामागून काढली, बराच विचार केला, आणि शून्य दिलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "उद्देश विचारला होता. त्यांना उद्देशच नाही!"

* * *

एका वर्षी मास्तर वैतागले. म्हणाले, "घेण्याची स्पर्धा लावून पाहिली. आता देण्याची लावू." आणि कट्ट्यावर फळा लागला: मिळालेली जागा जो दुसऱ्यासाठी सोडेल त्याचा फेटा बांधून, श्रीफळ देऊन, जाहीर सत्कार होईल.

मास्तर गणिताचे पक्के, पण गाव कोल्हापूर आहे हे विसरले.

फेरीच्या दिवशी पहाटे सत्कार ठेवले होते. चार-पाच जण जागा सोडतील असा आमचा अंदाज. पहिल्याला फेटा बांधला, हार घातला, त्यानं दोन शब्द सांगितले, टाळ्या पडल्या. ते बघून दुसरा उठला. मग तिसरा. मग थांबेना! जागा मिळालेला माणूस उठून जागा सोडायचा. ती जागा ज्याला द्यावी तो म्हणायचा, "मीबी सोडतो. बांधा फेटा." फेटे संपले तेव्हा पहिल्यांचे काढून पुढच्यांना बांधले. बाबूनं तर एकच जागा दोनदा सोडली.

उन्हं वर आली तेव्हा पेठेत नव्वदच्या वर त्यागी पुरुष होते आणि सायकलवर आम्ही सातजण. सातजणांनी जाऊन शंभर पानांचं जेवण करायचं होतं. आम्ही तीन दिवस गारगोटीत होतो.

तुम्ही म्हणाल, मग त्या वर्षी तरी हिंदुरावांना जागा मिळाली असेल. मिळाली होती! पण नव्वद सत्कारांना आलेली माणसं चहा प्यायल्याशिवाय हलतात होय? दूध संपलं. हिंदुरावांना आणखी आणायला गावी पिटाळलं. ते कॅन भरून परत आले तेव्हा आम्ही निघून गेलो होतो.

जागा रिकाम्या होत्या, पण हिंदुराव रिकामे नव्हते.

* * *

यानंतर मात्र मास्तर बदलले. फळ्यावर बराच वेळ आकडेमोड करून त्यांनी शेवटची पद्धत काढली. चिठ्ठ्याच, पण ज्याला जितकी वर्षं नकार, घागरीत त्याच्या तितक्या जास्त चिठ्ठ्या. म्हणजे जो जास्त वेळा राहिला, त्याची निघायची शक्यता जास्त.

लगेच ज्यांना यायचंच नव्हतं तेही अर्ज करायला लागले. नाव निघालं नाही की पेढे! बाबू पैलवान सगळ्यांना सांगत सुटला, "यंदा न्हाय लागली, लई ब्येस झालं. अशीच साठवतो आणि एकदम घागरभर टाकतो."

पण घागरीत सगळ्यात जास्त चिठ्ठ्या हिंदुरावांच्या. पहिलीच चिठ्ठी निघाली, हिंदुराव. टाळ्या पडल्या. चौथी निघाली, ती पुन्हा हिंदुराव. अकरावी, हिंदुराव!

बाबू ओरडला, "मास्तर, आता त्यास्नी तीन पानं वाढा!"

 हिंदुरावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, मग डोळे पुसले. मग म्हणाले, "धाकट्याला सांगतो. त्या दिवशीचा रतीब त्यो घालंल."

त्या वेळी मला जेवढं बरं वाटलं, तेवढं माझं स्वतःचं नाव निघाल्यावर कधी वाटलं नाही.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी हिंदुरावांनी सायकल धुतली, पुसली. दोन्ही कॅन यासीनभाईंच्या दुकानात ठेवून दिले. पहाटे पांढरा सदरा, पाठीवर त्रेसष्ट नंबरचं फडकं, सायकल मोकळी. मास्तरांनी नियम वाचून दाखवला: सायकलवर सामान चालणार नाही. हिंदुराव हसून म्हणाले, "सामान न्हाय म्हणूनच आलोय की."

शिट्टी वाजली. सगळे निघाले. हिंदुरावांनी टांग मारली, दहा-बारा हात गेले आणि आडवे झाले.

उठले. पुन्हा बसले. पुन्हा आडवे.

पहिल्यांदा काही जण हसले, दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. यासीनभाईंनी धावत येऊन चाकं फिरवून पाहिली, हँडल पाहिलं. म्हणाले, "सायकलीत काय खोट न्हाय."

हिंदुराव गुडघा चोळत म्हणाले, "हलकी हाय, भाई. लई हलकी हाय. कुठं जातीया तेच कळंना."

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस वयात आल्यापासून कॅनाशिवाय सायकलवर बसलेलाच नव्हता.

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. नियमाचा कागद मास्तरांच्या हातात. मास्तरांनी तो घडी करून खिशात टाकला, यासीनभाईंच्या दुकानात गेले आणि कॅन उचलून घेऊन आले. एक बाजू त्यांनी अडकवली, दुसरी यासीनभाईंनी.

हिंदुराव म्हणाले, "मास्तर, सामान चालत न्हाय म्हणलासा न्हवं?"

मास्तर म्हणाले, "हे सामान नाही. हा तुमचा तोल आहे. बसा."

हिंदुराव बसले आणि सरळ गेले.

इथंपर्यंत सगळं ठीक होतं. पण रिकाम्या कॅनाचा आवाज किती होतो! इस्पुर्लीच्या आधीच एका वस्तीवर तो खडखडाट ऐकून एक बाई दुधानं भरलेली कासंडी घेऊन रस्त्यावर आली. त्या बाजूचं दूध गोळा करून नेणारा गवळी दोन दिवस आला नव्हता.

"थांबा की ओ! कवाधरनं वाट बघाय लागलोय!"

हिंदुराव थांबले. थांबायची सवयच होती त्यांना. पुढच्या वस्तीवर आणखी दोघी. बिद्रीच्या अलीकडं तर म्हातारा रस्त्यात आडवाच उभा राहिला. मुदाळ तिट्टा येईपर्यंत आवाज बंद झाला होता. दोन्ही कॅन भरले होते.

गारगोटीला आमची पानं मांडून झाली, तेव्हा हिंदुराव पोचले.

मास्तर म्हणाले, "हिंदुराव, अहो बिनकामाची चालवायची होती ना?"

हिंदुराव खाली बघत म्हणाले, "मास्तर, माणसं दूध घेऊन दारात उभी. न्हाय कसं म्हणायचं? मला येतच न्हाय की न्हाय म्हणायला."

मटणाच्या पंगतीत दूध कोण पिणार! आणि संध्याकाळपर्यंत थांबलं तर दूध नासणार. हिंदुराव उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायले, त्यांनी साडूंना नमस्कार केला आणि सायकल कोल्हापूरकडे वळवली. कॅन भरलेले होते, त्यामुळे आता मात्र सायकल झकास चालली होती. पाठीवरचा त्रेसष्ट नंबर वळणापर्यंत दिसत होता.

पंगतीत एक पान रिकामं राहिलं. ते कुणाला द्यावं यावर लगेच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं चिठ्ठी टाकू, कुणी म्हणालं वयानं बघू. बाबू म्हणाला, तो दोनदा बसायला तयार आहे.

मास्तर पहिल्यांदाच ओरडले, "ते पान हिंदुरावांचं आहे. ते तसंच राहील."

आम्ही मुकाट जेवलो. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी रस्सा गोड लागला नाही.

* * *

फेरीनंतर सगळी फडकी परत आली, त्रेसष्ट सोडून. मी चिटणीस. हिंदुराव सकाळी दूध घालायला आले की मी विचारायचो. ते म्हणायचे, "धुवून देतो." पुढच्या आठवड्यात विचारलं, "वाळत घातलंय." पावसाळ्यात विचारलं, "ऊन कुठं हाय, साहेब? वाळंना झालंय." मग मी विचारायचं सोडलं. त्यांची कोपरं हल्ली सारखी सोललेली का दिसतात, तेही कधी विचारलं नाही.

पुन्हा दिवाळी झाली. पुन्हा अर्ज, पुन्हा चिठ्ठ्या, यंदा ज्याच्या त्यानं घागरीत टाकायच्या. बाबूची साठवलेली पुण्याई फळाला आली आणि तो रडकुंडीला आला, कारण त्याला अजून साठवायचं होतं. हिंदुरावांचं नाव काही निघालं नाही. मी घरी आल्यावर बायकोला म्हणालोही, बिचाऱ्याच्या नशिबात गारगोटी नाही.

फेरीच्या दिवशी पहाटे उठलो तर बायकोनं कोरा चहा पुढं ठेवला. म्हणाली, दूध नाही. कट्ट्यावर गेलो तर यासीनभाईही कोराच चहा पिऊन आलेले. बाबूही. मास्तर म्हणाले, त्यांच्याही घरी तीच तऱ्हा. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आम्ही जरा काळजीतच निघालो.

कळंबा मागं पडलं. चांगलं उजाडलं. इस्पुर्लीच्या अलीकडच्या चढावर आम्ही शंभर जण धापा टाकत चाललो होतो. मास्तर सगळ्यांच्या पुढं. एवढ्यात समोरून, गारगोटीच्या अंगानं, उतारावरून एक सायकल सुसाट येताना दिसली.

कॅन नव्हते. पिशवी नव्हती. कॅरियर मोकळा. एक हात हँडलवर, दुसरा हवेत. सायकल रस्त्याच्या मधोमध सुतासारखी सरळ. आमच्या बाजूनं गेली तेव्हा पाठीवरचं फडकं फडफडत होतं. त्रेसष्ट. पांढरंशुभ्र, धुतलेलं.

मास्तर ब्रेक लावून ओरडले, "हिंदुराव! अहो, रतीब?"

"लोकांस्नी म्हणावं, आज कोरा प्या!"

"आणि चिठ्ठी? तुमची चिठ्ठी निघाली कुठं यंदा?"

हिंदुराव उताराला लागले होते. थांबले नाहीत. मागं वळून तेवढं म्हणाले,

"टाकलीच न्हाय की, मास्तर!"